डावा कान

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला छायाने हेडफोन कानांवर चढवले आणि निसारचाचांचा रेकॉर्ड केलेला आवाज फक्त उजवीकडून आला. उजवीकडे ते नेहमीसारखेच होते, घशातली खर, वाक्य सुरू करण्याआधी जीभ टाळूला लागल्याचा बारीकसा चटका, मागे लांबवर चालू असलेले साचे, म्हणजे यंत्रमाग. डावीकडे काहीच नव्हतं. एखाद्या कुशीवर भिंतीला चिकटून पडल्यावर जसं त्या बाजूचं जग संपतं, तसं. तिने पिन काढून पुन्हा खोचली, वायर झटकली, दुसरी वायर लावून पाहिली. मग हेडफोन उलटे घातले, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. दोष यंत्राचा असता तर शांतता आता उजवीकडे यायला हवी होती. ती जागची हलली नाही. निसारचाचा उजव्या कानात बोलत राहिले, चाळीस वर्षांत किती कापड विणलं ते सांगत राहिले, आणि डावीकडे ती भिंत तशीच उभी राहिली. छायाने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. पलीकडच्या टेबलाशी सुयश पाठमोरा बसून मालिकेचा दुसरा भाग कापत होता. सहा वर्षं तो तिच्याबरोबर होता आणि आवाज साफ करण्यात त्याचा हात धरणारं नाशकात कोणी नव्हतं. "वायर गेली बहुतेक," ती म्हणाली. तो मागे न वळता म्हणाला की नवी मागवतो. इतक्या सहज खोटं बोलून झालं, की ते खोटं आहे हे तिलाही थोडं उशिरानेच कळलं.

गंगापूर रोडवरच्या दातांच्या दवाखान्यावरच्या या दोन खोल्या तिने कानाच्या जोरावर उभ्या केल्या होत्या. सटाण्याला वडिलांची पिठाची गिरणी होती. गल्लीच्या तोंडाशी पोचल्याबरोबर वडील गिरणीचा आवाज ऐकून म्हणायचे, दगडाला टाकी लावायला झाली. आवाजात काय बदललं ते कुणालाच कळायचं नाही. नवव्या वर्षी छायाला कळायला लागलं. वडील हसले होते आणि त्या दिवशी गिऱ्हाइकांना सांगत बसले होते की हिला कान आहे. मग कॉलेजात असताना रेडिओवर हंगामी निवेदिका, मग सिडकोतल्या एका स्टुडिओत लग्नाच्या कॅसेटा कापणं, नवरीच्या रडण्यावर सनई बसवणं, चार वर्षं. पहिली स्वतःची फिल्म द्राक्षं पॅक करणाऱ्या बायकांवर. त्या फिल्ममध्ये बायकांचे चेहरे फारसे नव्हतेच, कात्र्यांचा आवाज होता, आणि परीक्षकांनी नेमकं त्याचंच नाव घेतलं. पुढची आठ वर्षं मुंबई-नाशिक, दुसऱ्यांच्या फिल्मा, दुसऱ्यांची नावं, आणि मग पॉडकास्टचे दिवस आले तेव्हा लोकांना अचानक आवाजाची भूक लागली आणि छाया बच्छावचा फोन वाजायला लागला. मालेगावच्या साच्यांवरची आठ भागांची ही मालिका तिला मुंबईच्या एका पॉडकास्ट कंपनीतल्या निकिताने दिली होती. देताना निकिता म्हणाली होती, "स्क्रिप्टवर माझं मत मी देईन, पण आवाजात मी बोलणार नाही. तुझ्या कानावर माझा विश्वास आहे." हे वाक्य छायाने तेव्हा घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं होतं. आता ते सारखं आठवायला लागलं.

सर्दी असेल, असं तिने ठरवलं. मळ असेल. मंगळवारी वाटीत तेल कोमट करून कानात सोडलं आणि मान वाकडी करून दहा मिनिटं स्वयंपाकघरात बसली. तेल गळ्यावर ओघळलं, कान होता तसाच राहिला. त्यात आता एक बारीक फुसफुस सुरू झाली होती, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी असते तशी, फक्त ही शिट्टी कधी होतच नव्हती. दुपारी सटाण्याहून आईचा फोन आला. छाया सवयीने मोबाइल डाव्या कानाला लावायची. पलीकडे कुणी बोलेना. रेंज नसेल म्हणून तिने फोन ठेवला. पुन्हा आला, पुन्हा शांतता, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा फोन हातात धरून ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग उजव्या कानाला लावला. आई, गोजराबाई, ऐंशीच्या घरातली, घाबरलेल्या आवाजात विचारत होती की मी एवढी हाका मारते आणि तू फोन काटतेस का, तब्येत बरी शे ना? बरी आहे, छाया म्हणाली. मीटिंगमध्ये होते. संध्याकाळी अशोक स्तंभाशी रस्ता ओलांडताना हॉर्न वाजला आणि तो कुठून वाजला हे तिला कळलं नाही. आवाज होता, दिशा नव्हती. ती रस्त्याच्या मधोमध थांबली, उजवीकडे पाहिलं, आणि रिक्षा डावीकडून तिच्या पदराला घासून गेली. रिक्षावाला पुढे जाऊन मागे वळून काहीतरी बोलला. तेही तिला ऐकू आलं नाही, पण ते काय असेल हे कळायला कान लागत नव्हता.

तेव्हापासून ती माणसांच्या डावीकडे बसायला लागली, म्हणजे माणसं तिच्या उजवीकडे यावीत. घरी जेवताना खुर्ची बदलली. दीपक, तिचा नवरा, कॉलेजात भूगोल शिकवतो आणि त्याला टेबलावर वर्तमानपत्रातलं मोठ्याने वाचून दाखवायची सवय आहे. त्याने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा वाचायला लागला. बुधवारी दुपारी ती घरी येऊन थोडी आडवी झाली, उजव्या कुशीवर. चांगला कान उशीत गेला आणि सगळं घर विझलं. पंखा, रस्ता, शेजारचा टीव्ही, काही राहिलं नाही, फक्त ती फुसफुस. जाग आली तेव्हा दीपक पलंगाशी उभा होता. किल्ली विसरून गेलेला, वीस मिनिटं बेल वाजवून शेवटी शेजारच्या गच्चीतून उडी मारून आत आला होता. हाताला खरचटलं होतं. त्याने विचारलं की गोळी वगैरे घेतली होतीस का, आणि ती हो म्हणाली, डोकं दुखत होतं. तो हात धुवायला गेल्यावर तिने मोबाइलवर शोधलं. एका कानाने अचानक ऐकू येईनासं होणं. पहिलीच ओळ होती की अशा वेळी पहिल्या बहात्तर तासांत उपचार सुरू झाले तर सगळ्यात बरं. तिने मोजलं. चोपन्न झाले होते. अजून अठरा होते. तिने ते पान बंद केलं आणि मोबाइल पालथा घातला.

का गेली नाही, हे तिला पुढे दीपकने विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, आणि तिने स्वतःला तर पुष्कळ वेळा विचारलं. गुरुवारी सकाळी निकिताबरोबर तिसऱ्या भागाची बैठक होती, हे एक. नाशकातला कुठलाही डॉक्टर कुणाचा तरी मेव्हणा असतो आणि गोष्ट आठवड्यात कॉलेज रोडपर्यंत पोचते, हे दुसरं. पण खरं कारण तिला तेव्हाही ठाऊक होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहीपर्यंत ते झालेलं नव्हतं. एकदा लिहिलं की ती कान असलेली छाया राहणार नव्हती, आणि कान नसलेली छाया काय करते, कुठे बसते, सकाळी उठून कुठल्या दोन खोल्यांत जाते, हे तिला डोळ्यांसमोर आणताच येईना. गुरुवारी साडेदहाला, म्हणजे नेमके बहात्तर तास भरत असताना, ती लॅपटॉपच्या पडद्यावरच्या निकिताला सांगत होती की तिसऱ्या भागात साच्यांचा आवाज डावीकडून उजवीकडे सरकत जाईल, ऐकणाऱ्याला वाटेल आपणच कारखान्यातून चालतोय. निकिता खूश झाली. छायाने टेबलाखाली तळहात साडीला पुसले.

शुक्रवारी ती ठक्कर बझारवरून एसटीने मालेगावला गेली. निसारचाचांचं थोडं बोलणं पुन्हा घ्यायचं राहिलं होतं, आणि शुक्रवारी साचे बंद असतात म्हणून हाच दिवस ठरलेला होता. एरवी त्या गल्लीत शिरलं की छातीच्या आत खटाखट सुरू व्हायची, भिंतींनाही ती असायची. आज नळावरची भांडी आणि शेळ्यांची ओरड एवढंच होतं. निसारचाचा बासष्ट वर्षांचे, ताठ, पांढऱ्या कुर्त्यात, जुम्म्याची आंघोळ करून बसलेले. साच्यांनी त्यांचे दोन्ही कान केव्हाच खाल्ले होते. ते समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलत, अर्धं मराठी, अर्धं उर्दू. बायको आबिदाने चहा आणला आणि ती आत गेली. निसारचाचा पलंगाच्या ज्या टोकाला बसले ते छायाच्या डावीकडे येत होतं. प्रकाशाचं निमित्त करून तिने बसायला दिलेला मोडा उचलला आणि पलीकडे जाऊन बसली. रेकॉर्डर चालू केला. पहिला प्रश्न विचारला, आणि त्यांचं उत्तर ऐकताना मान जराशी वळवली. निसारचाचा बोलता बोलता थांबले.

"मॅडम, कोणता कान?" त्यांनी विचारलं.

"कसला कान?"

"मी चाळीस साल लोकांची तोंडं वाचतोय. मागच्या टायमाला तुम्ही सरळ बसून ऐकत होत्या. आज मान वळवून ऐकताय."

काही नाही, सर्दी आहे, असं ती म्हणणार होती. ते तिच्या ओठांकडेच बघत होते, खोटं तिथे तयार होण्याची वाट बघत असल्यासारखे. "डावा," ती म्हणाली. "सोमवारपासून." जगात हे पहिल्यांदा तिने कुणाला सांगितलं तर ज्याला तिचा आवाज ऐकूच येत नव्हता त्याला, आणि त्यामुळेच कदाचित सांगता आलं. निसारचाचांनी डोकं हलवलं. मग कुणी न विचारता ते बोलायला लागले.

त्यांनीही लपवलं होतं. कारखान्यात लपवायची गरज नव्हती, तिथे सगळ्यांचेच कान गेलेले. घरात लपवलं. बाप बहिरा झाला म्हटलं की घरातली माणसं बापाला विचारायचं सोडून देतात, ही भीती. सहा वर्षं ते नुसती मान हलवत राहिले. आबिदा काही म्हणाली, मान. मुलगा हुजैफा काही म्हणाला, मान. मग मुलीचं, अरफाचं, लग्न ठरलं. चार दिवस राहिले असताना ते पाळीवरून येऊन मोरीत हात धूत होते, पाठ दाराकडे. आरशात दिसलं की अरफा मागे उभी आहे आणि काहीतरी बोलतेय. ओठ दिसले, शब्द नाही दिसले, आरसा डागाळलेला होता. त्यांनी सवयीने मान हलवली. पोरगी थोडी थांबली, त्यांच्या पाठीकडे बघत राहिली आणि निघून गेली. पुढे ते घर तिला लाभलं नाही. दीड वर्षात ती परत आली, नंतर नाशकाला जाऊन लॅबमध्ये नोकरीला लागली. "ती परत आली तेव्हा मला कळलं ती काय बोलत होती," निसारचाचा म्हणाले. "ती म्हणत होती, अब्बा, मला हे लग्न नको. आणि मी मान हलवली. सात साल झाले. आबिदाला नाही सांगितलं. कुणालाच नाही."

आत भांडं घासल्याचा आवाज येत होता. छायाने आधी रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आणि तिच्यातल्या ज्या भागाला वीस वर्षं हेच काम होतं त्याने तेवढ्यातही नोंद केली की मालिकेत यासारखं दुसरं काही नाही, आवाज स्वच्छ आलाय, मध्ये खोकला नाही. याची तिला लाज वाटली. मशीन चालू होतं, असं तिने सांगितलं. माहीत आहे, ते म्हणाले. अरफाला ऐकवा. ती हो म्हणाली तर मालिकेत लावा, नाही म्हणाली तर पुसून टाका. मग दाराशी सोडायला आले तेव्हा त्यांनी तिच्या कानाकडे बोट दाखवून एवढंच म्हटलं, "उद्या दाखवा. परवा नको."

शनिवारी ती दीपकला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेली. आदल्या संध्याकाळी बसमधून उतरल्यावर त्याला सांगितलं होतं. त्याने खरचटलेल्या हाताकडे पाहिलं आणि सकाळी गाडी काढली. तपासणीच्या बंद खोपट्यात तिला बसवलं. असली खोपटी तिच्या ओळखीची होती, भिंतींना तोच करडा स्पंज. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाचं झालं. डाव्याचं सुरू झालं आणि तिला काहीच येईना. पण यंत्र साधारण किती अंतराने आवाज सोडतं ते तिच्या लक्षात आलेलं होतं, आणि तिचा अंगठा आपोआप त्या अंतराने बटण दाबायला लागला. एक, आणि थांबून दुसरं, आणि थांबून तिसरं. काचेपलीकडच्या मुलीने दार उघडलं. मॅडम, आवाज आला तरच दाबा, ती सौम्यपणे म्हणाली. छाया चाळीस वर्षांची असताना एकदा मोठ्या सभागृहात भाषण करताना शब्द विसरली होती, त्यापेक्षा हे वाईट होतं. डॉक्टरांनी आलेख पुढे ठेवला. उजवीकडची रेघ वर सरळ चालली होती, डावीकडची कड्यावरून पडल्यासारखी खाली. पाच दिवस झालेत, ते म्हणाले. आधी आला असतात तर. मग ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, गोळ्या लिहिल्या, कानाच्या पडद्यातून द्यायची तीन इंजेक्शनं सांगितली. थोडं परत येईल, सांगता येत नाही.

थोडं परत आलं. दुसऱ्या इंजेक्शननंतर खालच्या पट्टीतलं काही यायला लागलं, ट्रकची घरघर, मिक्सर. माणसाचं बोलणं आलं नाही. स्टुडिओत तिने दाढ काढल्याचं सांगितलं होतं. ती रोज जाऊन बसत होती, एका कानाने भाग जुळवत होती, आणि प्रत्येक वेळी सुयशने डोकं वर केलं की कशात तरी गुंतल्यासारखं करत होती. महिनाअखेर जवळ येत होती. निकिताचे निरोप येत होते. डावीकडून कोण बोलेल, कधी बोलेल, या पहाऱ्यातच तिचा सगळा दिवस जायचा. संध्याकाळी मान अवघडून जायची, एका बाजूला वळवून वळवून.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी अरफा आली. अठ्ठावीस-एकोणतीसची, द्वारका चौकाजवळच्या लॅबमधून जेवणाच्या सुट्टीत निघालेली, गळ्यात ओळखपत्र तसंच. अब्बांनी काहीतरी सांगितलंय एवढंच तिला फोनवर कळलं होतं. खोलीत तिसरी खुर्ची होती ती डावीकडेच, आणि छायाला जागा बदलायचं निमित्त सुचेपर्यंत ती तिथे बसलीही. छायाने तिला हेडफोन दिले आणि सुरू केलं. छायाला काही ऐकू येत नव्हतं, हेडफोन एकच होते. ती फक्त अरफाचा चेहरा बघत होती. इतकी वर्षं तिने माणसांचं बोलणं ऐकलं होतं, ऐकणारं माणूस असं कधी पाहिलं नव्हतं. बापाचा आवाज ऐकून अरफा आधी हसली. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. मोरीची गोष्ट कुठे येते ते छायाला वेळेवरून ठाऊक होतं. तिथे अरफाने ओढणी तोंडाशी धरली. संपलं. तिने हेडफोन काढले, मांडीवर ठेवले, आणि खाली बघून, ओढणीच्या आडूनच काहीतरी बोलली.

एक लांब वाक्य असावं. छायाला खांद्याची हालचाल दिसली. हे पुसून टाका म्हणाली असेल. किंवा लावा म्हणाली असेल. किंवा अब्बांना माफ केलंय. यातलं कुठलंही असलं तरी मान हलवली तर चालून जाईल, असं तिला वाटलं, आणि हनुवटी खाली जायला सुद्धा लागली होती. सुयश पलीकडे होता. तिने हनुवटी तिथेच थांबवली.

"अरफा," ती म्हणाली, "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. अडीच आठवडे झाले. तू काय म्हणालीस ते परत सांग."

सुयशच्या टेबलावरची टकटक थांबली. अरफाने वर पाहिलं. मग ती उठली, खुर्ची उचलून छायाच्या बरोबर समोर आणून ठेवली, ओढणी बाजूला केली आणि बहिऱ्या बापाशी बोलायची सवय झालेली मुलगी बोलते तसं, न ओरडता, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मी असं काही बोललेच नव्हते."

तिने लग्नाला आपण होऊन हो म्हटलं होतं. मुलगा तिलाच आवडला होता, पुढे तो कसा निघाला ही वेगळी गोष्ट, त्यात अब्बांचा काय संबंध. त्या दिवशी मोरीच्या दाराशी ती विचारायला गेली होती की हुजैफाच्या शेरवानीला कापड कोणतं घ्यायचं, मरून की निळं. अब्बांनी मान हलवली. मरून की निळं विचारल्यावर माणूस नुसती मान हलवतो, तेही पाठ करून, म्हणजे खर्चाने वैतागले असणार, असं तिला वाटलं. "त्या दिवसानंतर मी त्यांना कधी काही मागितलं नाही," अरफा म्हणाली. "परत आले तेव्हासुद्धा नाही. मला वाटायचं ते माझ्यावर रागावलेत. म्हणून तर नाशकाला आले."

मग अरफाने विचारलं की हे लावणार का. आधी त्यांना कळू दे, छाया म्हणाली. उद्या शुक्रवार होता. अरफा म्हणाली की ती सुट्टी टाकून सकाळच्या गाडीने जाईल, पण फोनवर नाही सांगता येणार, समोर बसूनच सांगावं लागेल, आणि ते मानतील की नाही कुणास ठाऊक. सात वर्षं एक गोष्ट धरून बसलेला माणूस. समजूत घालायला खोटं बोलतेय म्हणतील.

छायाने निकिताला फोन लावला, उजव्या कानाला. चौथा भाग उशिरा येईल हे सांगितलं आणि दुसरं कारणही सांगितलं, एका दमात, मध्ये थांबले तर राहून जाईल म्हणून. पलीकडे शांतता पसरली. या वेळी ती रेंजची नव्हती, कानाचीही नव्हती. शेवटी निकिताने विचारलं की मग मिक्स कोण करणार. सुयश करेल, मी शेजारी बसेन, छाया म्हणाली. निकिता म्हणाली की तिला वर बोलावं लागेल, सोमवारी कळवते. फोन ठेवल्यावर सुयश खुर्ची वळवून बसला होता. मागच्या तीन भागांत डावीकडचं तुम्ही फार वर नेलं होतं, तो म्हणाला. मी खाली आणत होतो. विचारलं नाही. छायाला राग यायला हवा होता, आणि तो थोडा आलाही, पण कुणावर ते ठरेना. सोमवारपर्यंत अजून चार दिवस होते.

अरफा निघायच्या तयारीत उभी राहिली आणि पुन्हा बसली. म्हणाली, मॅडम, मी एकदा म्हणून बघू का, अब्बांना दिसेल का ते सांगा. आणि आवाज न काढता, फक्त ओठांनी, तिने ते वाक्य छायासमोर म्हटलं. अब्बा, मैं तो शेरवानी के कपडे का पूछी थी. छायाने डोळे बारीक करून पाहिलं. तिला 'अब्बा' कळलं, 'कपडे' कळलं. मधला शब्द घाईत ओठांतच विरत होता.

"शेरवानी नीट दिसत नाही," छाया म्हणाली. खुर्ची थोडी पुढे ओढून खिडकीचा उजेड अरफाच्या तोंडावर येईल अशी वळवली. "सावकाश. पुन्हा एकदा घेऊ."